फ्लॅटची किंमत १ कोटी ४० लाख, मग घराचा विमा किती रकमेचा काढायचा?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. ठाण्यात पाचपाखाडीला आमचा फ्लॅट आहे. चौथा मजला, कार्पेट ५८० स्क्वेअर फूट, बिल्डिंग १९९६ची. जूनमध्ये वरचे लोक गावाला गेले असताना त्यांच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला आणि नळ चालूच राहिलेला. रात्रभर पाणी. सकाळी बघतो तर बेडरूमचं फॉल्स सीलिंग पलंगावर, आणि वॉर्डरोबचं प्लायवुड असं फुगलं की दारं लागेनात. वरच्या काकूंनी माफी मागितली, पुरणपोळ्याही पाठवल्या. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. रोज लिफ्टमध्ये तोंड बघायचं असतं.

तेव्हापासून ह्यांनी विम्याचं मनावर घेतलंय. आमचं गृहकर्ज ज्या बँकेत आहे तिथला माणूस म्हणतो १ कोटी ४० लाखांची पॉलिसी घ्या, कारण फ्लॅटचा भाव तेवढा आहे, हप्ता कर्जात घालून देतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचा विमा आहे, तुम्ही कशाला पैसे घालवता? दोघांपैकी खरं कोण बोलतंय? आणि दर पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल येते, ती यात धरतात का?

नेरूळचा_सचिव

सेक्रेटरी अर्धं बरोबर बोलतायत. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणे इमारतीचा विमा उतरवणं हे सोसायटीचं काम आहे आणि त्याचा खर्च बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात सभासदांच्या बिलात लागतो. तुमचं मेंटेनन्सचं बिल काढून बघा, ओळ असेल. पण त्या पॉलिसीत तुमचं वॉर्डरोब नसतं. ताई, पॉलिसीची प्रत मागून घ्या. आमच्याकडे मी सूत्रं घेतली तेव्हा विम्याची रक्कम जुन्या कमिटीने कधीकाळी टाकलेलीच चालू होती.

पंचनामा

मी सर्वेअर होतो, विमा कंपनी दावा आल्यावर ज्याला घर बघायला पाठवते तो. आता निवृत्त, वाशीला असतो. बँकवाल्यापासून सुरुवात करू.

१ कोटी ४० लाखांत जमिनीची किंमत आहे, स्टेशन जवळ असल्याची किंमत आहे, बिल्डरचा नफा आहे. यातलं काहीही आगीत जळत नाही. विमा बांधकामाचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरीव नमुन्याची पॉलिसी आहे, त्यात रक्कम काढायची रीत साधी आहे: कार्पेट गुणिले बांधकामाचा आजचा दर. तुमचे ५८० फूट, दर समजा ३,००० धरला, तर १७ लाख ४० हजार. दर तुमच्या आर्किटेक्टला विचारा, थोडा वर धरा, पण १ कोटी ४० लाखांच्या आसपासही जाणार नाही. जास्त रकमेचा विमा काढून जास्त भरपाई मिळत नाही, नुसताच हप्ता जास्त जातो. काही कंपन्या फ्लॅटसाठी ठरीव किमतीची, म्हणजे आधीच ठरवून घेतलेल्या किमतीवर भरपाई देणारी पॉलिसी देतात, पण तो वेगळा आणि महाग प्रकार आहे. बँकवाला नेमकं कुठलं विकतोय ते लेखी घ्या. बरेचदा ‘होम लोन इन्शुरन्स’ म्हणून जे गळ्यात मारतात तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, त्याचा भिंतींशी काही संबंध नाही. आणि विमा त्याच बँकेकडून घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. पॉलिसीत बँकेचं नाव मात्र लागेल, म्हणजे बांधकामाच्या दाव्याचे पैसे आधी कर्जाकडे जाऊ शकतात.

आता सामान. भारत गृह रक्षामध्ये बांधकामाच्या २० टक्के इतका घरातल्या सामानाचा विमा आपोआप मिळतो, कमाल १० लाख, यादी द्यावी लागत नाही. तुमच्या हिशेबाने साडेतीन लाखांच्या आत. मॉड्युलर किचन, दोन एसी, टीव्ही, सोफा धरला की हे अपुरं पडतं. वरची रक्कम जाहीर करून वाढवून घ्या.

पाइप फुटून किंवा टाकी ओसंडून झालेलं नुकसान यात धरतात. जूनचं तुमचं प्रकरण, पॉलिसी असती तर, मी पास होण्यासारखं धरलं असतं. झालेल्या नुकसानीला आता काही मिळणार नाही, हे ह्यांना सांगा.

भिंतीची ओल विसरा. पॉलिसी अचानक घडलेल्या गोष्टीला पैसे देते, आणि सर्वेअर पहिल्यांदा तेच बघतो. मी वॉर्डरोब पुढे ओढायला लावायचो. एका रात्रीत पाणी आलं असेल तर मागच्या प्लायवर एक स्वच्छ रेघ असते, त्याच्या खाली लाकूड फुगलेलं, वर कोरडं. जुनी ओल असेल तर रेघ नसते. काळी बुरशी, खालून वर फिकट होत गेलेली, स्क्रू गंजलेले, आणि भिंतीचा रंग नखाने पापुद्र्यासारखा निघतो. घरमालक तोंडाने काहीही सांगोत, स्क्रू खोटं बोलत नाही. ओलीसाठी सोसायटीला पत्र लिहून टेरेस आणि बाहेरच्या भिंतींचं वॉटरप्रूफिंग करून घ्या.

आमच्या नवी मुंबईवाल्यांसाठी एक: पूर, दरड, जमीन खचणं धरतात. पण भरावाची जमीन दबून फरशा बसल्या, तर ते वगळलेलं आहे. खाडीत भर घालून उभ्या राहिलेल्या सेक्टरमध्ये तळमजल्यावर राहत असाल तर हे कलम आधी वाचा.

घणसोली_भाडेकरू

आम्ही भाड्याने राहतो. घरमालकाला विमा म्हटलं की तो हसतो. आम्हाला काढता येतो का?

पंचनामा

येतो. फक्त सामानाचा काढा, बांधकाम घरमालकाचं. घर बदललंत की पॉलिसीवर पत्ता बदलून घ्या. दावा येतो तेव्हा कागदावर घणसोली आणि सामान कोपरखैरण्यात, असं झालं की मग भांडत बसावं लागतं.

पाचपाखाडीकर

काका, खूप आभार. सेक्रेटरींनी बऱ्याच कुरकुरीनंतर पॉलिसी दाखवली. अख्ख्या बिल्डिंगचा विमा आहे, पण रक्कम फार कमी वाटते. आणि भारत गृह रक्षा असं कुठेही लिहिलेलं नाही. याने काय फरक पडतो? दुसरं, माझे दागिने अर्धे लॉकरमध्ये, अर्धे घरी आहेत. चोरी धरतात ना?

पंचनामा

फरक पडतो. भारत गृह रक्षामध्ये रक्कम कमी आहे म्हणून दावा कापत नाहीत. इतर पॉलिसीत सरासरीचं कलम असू शकतं. इमारत बांधायला १० कोटी लागतात आणि विमा ५ कोटींचा आहे, तर २० लाखांच्या नुकसानीला १० लाख मिळतात. हा मुद्दा पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा. ज्यांचे फ्लॅट वरच्या मजल्यांवर आहेत त्यांना सोबत घ्या, ते पटकन ऐकतात. तोवर तुमच्या फ्लॅटचा वेगळा विमा घ्यायचा तर घ्या. दोन पॉलिसी असल्या तरी एका नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही.

चोरी मूळ पॉलिसीत नाही. आग, पूर असं काही घडल्यावर त्या गोंधळात ७ दिवसांच्या आत चोरी झाली तरच धरतात. घरफोडीचं कवच वेगळं जोडून घ्यावं लागतं, आणि त्यात कुलूप किंवा खिडकी फोडल्याची खूण व पोलिसांकडची फिर्याद मागतात. दागिने मौल्यवान वस्तू म्हणून वेगळे लिहायचे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक नग १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यावर लागतो. आता सोन्याचा भाव बघता तुमचं एक मंगळसूत्रच लाखाच्या वर जाईल, तेव्हा जांभळी नाक्यावरच्या तुमच्या सराफाकडून वजनासकट कागद करून घ्या. घरातली रोख मात्र धरत नाहीत.

लॉकरचं म्हणाल तर आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. पुरात लॉकर बुडाला तर तेवढंही नाही.

नेरूळचा_सचिव

पाचपाखाडीत जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, तुमच्याकडे बोलणी सुरू असतील तर १० वर्षांची पॉलिसी घेऊ नका हो. वर्षावर्षाने घ्या.

पंचनामा

सहमत. पाडकाम सुरू झालं की तसंही कवच उरत नाही. आणि कंपनीने दावा फेटाळला, किंवा तक्रार करून महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. लोकपालाचं कार्यालय आता ठाण्यातच आहे, तुम्हाला रिक्षाने जाता येईल.