मदत हवी आहे: काळ्या दगडात एवढे मोठे पांढरे स्फटिक कसे?

नमस्कार मंडळी. मुलीला शाळेसाठी दगड जमवायचे आहेत. नाशिकचा नेहमीचा काळा दगड घरामागे विहिरीच्या खोदकामातच मिळाला. दुसरा रविवारी कसारा घाटात रस्त्याकडेला पडलेला होता. अंग तसंच काळं, पण आत पांढरट, चपट्या पट्ट्यांसारखे स्फटिक, काही तर बोटाच्या पेराएवढे.

पुस्तक म्हणतं, शिलारस जमिनीखाली सावकाश निवला की स्फटिक मोठे होतात आणि लाव्हा वर येऊन झटपट निवला की बारीक कणांचा बेसाल्ट. मग एकाच दगडात दोन्ही कसं? शेजारचे काका म्हणतात ग्रॅनाइट. मला पटत नाही, आपल्याकडे सगळे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. मुलगी म्हणते, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहिले तसले स्फटिक आहेत. चिठ्ठीवर चुकीचं नाव जायला नको. कुणी सांगाल का?

प्रतिसाद:
ताई, ग्रॅनाइट नक्कीच नाही. तिथे फक्त निवण्याचा वेगच नाही, तर शिलारसही वेगळा असतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण ७० टक्के, बेसाल्टमध्ये ५०. बेसाल्टचाच रस खोल जमिनीत सावकाश निवला तर गॅब्रो नावाचा मोठ्या कणांचा दगड होतो.

मुलीची शंका मात्र रास्त आहे. संग्रहालयातले तसले स्फटिक म्हणजे बहुतेक झिओलाइट नावाची खनिजं. ती लाव्हा निवल्यावर तयार होतात, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत, झिरपणाऱ्या पाण्यातून. म्हणून त्यांची जागा गोलसर असते. ताज्या फुटलेल्या बाजूवर पोलादी सुरीचं टोक ओढून बघा. ओरखडा उठला तर झिओलाइट. नाही उठला आणि कडा सरळ असल्या, तर फेल्डस्पार, म्हणजे शिलारसातच वाढणारं खनिज.

तसं असेल तर हा दगड दोन टप्प्यांत निवला आहे. शिलारस आधी खोल साठून राहिला, तिथे फेल्डस्पार निवांत वाढला. मग उद्रेक झाला, स्फटिक रसाबरोबर वर आले आणि उरलेला रस भोवती पटकन गोठला. कसारा घाटात असा थरच आहे. अभ्यासक त्याला जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट म्हणतात (प्लॅजिओक्लेज हा फेल्डस्पारचाच एक प्रकार).

धागाकर्ती:
खूप आभार! ओरखडा अजिबात नाही, उलट सुरीचाच करडा माग राहिला. कडाही सरळ आहेत. आता मुलीने नवंच काढलंय: बहुतेक पट्ट्या एकाच दिशेला आडव्या पडल्या आहेत. लाव्हा वाहत होता त्या दिशेला का?