१,४९० पौंडांत संसार बसेल का?

डेन्व्हरकर: मंडळी, माझी फोर्ड एफ-१५० पिकअप, ५ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. पाहिलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) रिकामा ५,६०० पौंड, भरून जास्तीत जास्त ७,०००. विक्रेता म्हणतो, "गाडी ९,००० ओढते, बिनधास्त घ्या." आम्ही चौघं, शिवाय कुत्रा. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने युटातल्या मोआबला न्यायचाय. जमेल?

पाटीलबुवा: ओढण्याचा आकडा सोडा हो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, माणसं नि सामान मिळून किती ते.

डेन्व्हरकर: १,४९० पौंड.

पाटीलबुवा: मांडा हिशोब. भरलेल्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडावर येतं, ते या १,४९० मधूनच जातं. १३ धरले तर ९१०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (हे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारा जोड) स्वतःचे ८०-९०. उरले जेमतेम ५००. त्यात चौघं, कुत्रा, नि मागच्या हौद्यातला पसारा? रिकाम्या वजनावर भुलू नका, त्यात पाणी धरलेलं नसतं. एक गॅलन म्हणजे ८.३ पौंड.

लेकवुडची माई: इंजिनाच्या दमाचंही बघ रे. त्याच आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद तिथे जाते. चढावर उजवी लेन धर, लाज कसली! जपायचं उतारावर: टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गियरची सेटिंग), खालचा गियर, आणि ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा ब्रेक कंट्रोलर हवाच. सतत ब्रेक दाबून उतरलास तर जळका वास येईल. मी म्हणेन, भरून ५,००० च्या आतला शोध.

डेन्व्हरकर: कुत्रा ७० पौंडांचा आहे. बायको म्हणते, ट्रेलर छोटा घ्या, कुत्रा येणारच.