बोरजवळ एक एकर भाजीपाला: टमाटर कुठं लावू?

नवा_भाजीवाला:
सेलू तालुक्यात (जि. वर्धा) बोर व्याघ्र प्रकल्पाजवळ आमचं वावर आहे. बाबांनी आजवर पऱ्हाटी (कापूस) आणि तूरच केली. यंदा विहिरीजवळचा एक एकर भाजीपाल्याला काढतोय, ठिबक आहे. वरचा भाग मुरमाड, नाल्याकडे काळी भारी जमीन. टमाटर नाल्याकडे आणि भोवती मक्याच्या दोन ओळी, असं व्हिडिओत पाहून ठरवलं. रानडुक्कर, रोही (नीलगाय) दोन्ही येतात. जाणकारांनी सांगावं.

धुऱ्यावरचा:
भाऊ, मका लावूच नका. व्हिडिओवाला पांढरी माशी अडवायसाठी सांगते, त्याच्याकडे ते बरोबर असन. आपल्याकडे कणीस दुधात आलं का डुकराचा कळपच वावरात.

टमाटरही नाल्याकडे नको. काळी माती चांगली म्हणतात ते पऱ्हाटीसाठी. पावसाळ्यात ती फुगते, झड लागली का मुळाले हवा भेटत नाही, झाड उभ्या-उभ्या पिवळं पडते. उन्हाळ्यात तीच माती पंजा जाईन एवढी फाटते अन् मुळं तोडते. टमाटर, मिरची वरच्या मुरमाडात घ्या. शेणखत भरपूर, गादीवाफा, पाणी थोडं-थोडं पण वारंवार. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला का टमाटरची फुलं गळतात, त्या वक्ती ढेमसं, गवार, बरबटी (चवळी) बरी.

नाल्याकडे हिवाळ्यात वांगे, कोबी, सांबार (कोथिंबीर) करा. रताळं, भुईमूग तिकडे नकोच. तसा डुक्कर पिकासाठीच येते असं नाही. ओल्या मातीतली हुमणी, गांडुळं खायले तो नाकाडानं नळीसकट वाफा उलथवते. अन् सकाळी धुरा (बांध) फिरून पहा: रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकते. तो ढीग दिसला, म्हणजे तोच त्याचा रस्ता. राखण तिथंच बसवा, चारही कोपऱ्यांत बुजगावणे उभे करून फायदा नाही.

अकोटकर:
तारेत घरचा करंट सोडायचा विचारही करू नका. माणसं मेली आहेत, गुन्हाही दाखल होतो. सौर झटका मशीन घ्या, त्याचा झटका क्षणभराचा असतो. फक्त तारेखालचं गवत काढत राहा. ओलं गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि मशीन नावालाच चालू राहतं.

नवा_भाजीवाला:
आभार काकाजी, दादा. मग मक्याच्या जागी धुऱ्यानं काय लावू? बाबा तूर म्हणतात.

धुऱ्यावरचा:
तूर रोही आवडीनं खाते. करडई लावा, चार ओळी दाट. दसऱ्याच्या आसपास पेरा, उशिरा पेरली तर मावा धरते. काटे कडक व्हायले दोन-अडीच महिने लागतात, तवरोक जागलीले जा लागन.