घराचे कोपरे गोल करावेत का? (अर्विंग गिल)

दांडियाबाजारची_वहिनी
वरच्या मजल्याचं काम काढलंय. पुतणी आर्किटेक्चर शिकते, ती अर्विंग गिल नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टचे फोटो दाखवते. भिंती कोऱ्या, कॉर्निस (भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली पट्टी) नाही, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावतात ती पट्टी) नाही, भिंत जमिनीला गोलाईत मिळते. सासूबाई म्हणतात, "हे घर की ऑपरेशन थिएटर?" कोण हा माणूस? आणि बडोद्यात हे चालेल का?

निवृत्त_ओव्हरसियर
वहिनी, सासूबाईंनी अचूक ओळखलं. धूळ बसायला जागाच ठेवायची नाही, घरातल्या बाईचे कष्ट वाचवायचे, हाच त्याचा हट्ट. जन्म १८७०, न्यूयॉर्क राज्यातला. आर्किटेक्चरच्या कॉलेजात कधी गेला नाही. शिकागोत अॅडलर आणि सलिव्हन या आर्किटेक्टांच्या ऑफिसात काम शिकला, पुढे नावाजलेला आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटही तेव्हा तिथेच. १८९३ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला गेला. तिथल्या जुन्या स्पॅनिश मिशनांच्या (पाद्र्यांच्या चर्च-मठांच्या) जाड भिंती आणि कमानी घेतल्या, नक्षी टाकून दिली.

मला मात्र त्याचं काँक्रीट आवडतं. सॅन दिएगोतल्याच ला होयाचा विमेन्स क्लब, १९१४: भिंत आडवी ओतली, दारं-खिडक्यांच्या चौकटी आतच बसवल्या, पक्की झाल्यावर अख्खी भिंत उभी केली! या पद्धतीचे हक्क त्याने पदरमोड करून घेतले होते, धंदा काही झाला नाही. १९३६ मध्ये गेला. वेस्ट हॉलिवूडचं त्याचं डॉज हाउस १९७० मध्ये पाडलं. आपल्याकडेही वाडे असेच जातात, कोणाला बोलायचं?

वाडीतला_बाळू
काकी, गच्चीत पॅरापेटच्या (कठड्याच्या) पायाशी सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा मारतात, तोच हा, फक्त घरात. प्लास्टरवाल्याला लाद्या बसायच्या आधी सांगा. कपाट भिंतीला चिकटणार नाही, तेवढं धरून चाला.

निवृत्त_ओव्हरसियर
बाळूचं बरोबर. पण छज्जा काढू नका, पुतणी कितीही रुसली तरी! सॅन दिएगोत वर्षाला जेमतेम १० इंच पाऊस. आपल्याकडे त्याच्या तिपटीहून जास्त, तोही चार महिन्यांत. तिथली सपाट भिंत इथे पहिल्याच श्रावणात ओल धरेल.

दांडियाबाजारची_वहिनी
छज्जा राहणार, काका. गोलाई स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात करू. देवघराला हात लावायचा नाही, असं वरून फर्मान आहे. बाळू, ओळखीचा प्लास्टरवाला असेल तर कळव.