मदत हवी आहे: नवा हीट पंप सारखा बंद पडतोय, टाकी कोमटच

बिनधास्त_०७:
हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन) नुकताच बसवून घेतलाय. कॉम्प्रेसर सुरू होतो, दहा-बारा मिनिटं चालतो आणि कोड दाखवून बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. टाकी कोमटच. घरात लहान बाळ आहे, पाणी शेगडीवर तापवतोय. बसवणारा "उद्या येतो" म्हणून आठवडा काढतोय. काय करू? लवकर सांगा.

फेज_न्यूट्रल:
एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) कुठला टाकलाय? सुरू होताना कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, त्याला तो झटका सहन करणारा सी कर्व्हचाच लागतो. लाइन स्वतंत्र आहे का? अर्थिंग तपासलंय का?

बिनधास्त_०७:
एमसीबी पडतच नाहीये हो. मशीनच बंद होतं.

पाना_पक्कड:
कोड येतो म्हणता, पण कोणता ते सांगत नाही. मोनोब्लॉक (गॅसचं सगळं एकाच युनिटमध्ये) आहे की स्प्लिट (दोन युनिट)? किती किलोवॅटचा? टाकी किती लिटरची, आत कॉइल आहे की टाकीतलंच पाणी मशीनमधून फिरतं? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

उन्हाळी:
छतावर जागा असेल तर सोलर घ्या. आमच्याकडे बरीच वर्षं आहे, कटकट नाही.

बिनधास्त_०७:
सोलर नकोय, मशीन घेऊन झालंय. मोनोब्लॉक, ६ किलोवॅट, टाकी ३०० लिटर, कॉइल नाही. कोडपुढे मॅन्युअलमध्ये 'हाय प्रेशर' लिहिलंय.

गारवारा:
गॅसचा प्रॉब्लेम. एसीवाल्याला बोलवा, गॅस टॉपअप करून घ्या. माझ्या एसीचं असंच झालं होतं.

पाना_पक्कड:
@गारवारा, कृपा करून असं सांगू नका. गॅस कमी झाला तर लो प्रेशर येईल, हाय कसं येईल? मोनोब्लॉकमध्ये गॅस कारखान्यातूनच भरून येतो. त्यात आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो. एसीवाल्याने त्याला हात लावायचा नाही.
@बिनधास्त, मशीन चालू असताना स्क्रीनवर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाण्याचं तापमान बघा.

गारवारा:
मी अनुभवाचं सांगितलं. गॅस जास्त भरला गेला तरी हाय प्रेशर येतंच.

श्रावणसर:
मध्येच विचारते. आमच्या युनिटखाली सारखं पाणी साचतं. गळती आहे का?

पाना_पक्कड:
@श्रावणसर, थंड कॉइलवर हवेतला ओलावा धरतो, त्याचं पाणी. दमट हवेत भरपूर पडतं. खालून ड्रेनचा पाइप उतार देऊन काढा.

बिनधास्त_०७:
माझं राहिलं बाजूला! जाणारं ५२, येणारं ३४. त्यानंतर बंद.

पाना_पक्कड:
सापडलं. १८ अंशांचा फरक म्हणजे पाणी पुरेसं फिरतच नाहीये. ६ किलोवॅटला ५ अंशांचा फरक धरला तर मिनिटाला साधारण १७ लिटर पाणी लागतं. तुमच्याकडे जेमतेम ५ जातंय. उष्णता पाण्यात उतरत नाही, म्हणून गॅसचं प्रेशर चढतं. मशीनचा मेन बंद करा, दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद करा आणि परतीच्या पाइपवरचा वाय स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) उघडा. नंतर सगळ्यात उंच जागेवरची हवा काढा.

फेज_न्यूट्रल:
सर्क्युलेशन पंपाची (पाणी फिरवणाऱ्या) स्पीडही बघा. नव्याने बसवलेला पंप कधीकधी कमी स्पीडवरच राहिलेला असतो.

बिनधास्त_०७:
स्ट्रेनर उघडला. जाळी टेफ्लॉन टेपच्या चिंध्यांनी आणि पाइप कापताना निघालेल्या प्लॅस्टिकच्या किसाने गच्च भरलेली! फिटिंगनंतर लाइन धुतलेलीच नाही. जाळी साफ केली, हवा काढली, पंप हाय स्पीडवर टाकला. तासभर झाला, मशीन बंद पडलेलं नाही. फरक आता ८ दिसतोय. चालेल ना? उद्या पाइपांवर इन्सुलेशन चढवायला माणूस येतोय.

पाना_पक्कड:
८ म्हणजे मिनिटाला ११ लिटरच्या आत-बाहेर, अजून कमीच. टाकी ते मशीन पाइप किती इंची आहे?

बिनधास्त_०७:
अर्धा इंच.

पाना_पक्कड:
मग त्यातून एवढं पाणी नीट जाणार नाही. इन्सुलेशनवाल्याला थांबवा. आधी दोन्ही बाजूंचा पाइप १ इंची करून घ्या, एल्बो जमतील तितके कमी. आणि हा किस अजून येत राहणार, दोन-तीन दिवसांनी जाळी परत उघडून बघा.

उन्हाळी:
सोलरला एवढा पाइप लागत नाही.