शब्दचर्चा : ‘तेज’, ‘द्रुतगती’ की ‘वेगवान’? आणि त्यातला ‘सर्वश्रेष्ठ’ कोण?

सात_रस्ता :
मुलाला शाळेच्या भित्तिपत्रिकेसाठी महान फास्ट बॉलरांची क्रमवारी लिहायची आहे. काल सोलापूरच्या पार्क मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर सहज विषय काढला, तर तासभर रान पेटलं. गंमत म्हणजे भांडण नावांवरून कमी आणि शब्दांवरून जास्त. एकाच्या मते ‘जोरात टाकणारा’ तो मोठा, म्हणून पाकिस्तानचा शोएब अख्तर. दुसऱ्याच्या मते ‘खेळताच येत नाही’ तो मोठा, म्हणून वेस्ट इंडिजचा माल्कम मार्शल. माझं तर शीर्षकावरच अडलंय. ‘द्रुतगती गोलंदाज’ लिहिलं तर मुलगा म्हणतो, बाबा, हा मुंबई-पुणे हायवेवरचा बोर्ड वाटतोय. त्याने हिंदी समालोचन ऐकून ‘तेज गोलंदाज’ लिहिलंय. मराठीत हे चालतं का?

मुद्रितशोधक :
चालतं, पण सांभाळून. मराठीत ‘तेज’ दोन आहेत. एक संस्कृत, म्हणजे झळाळी, प्रभा. चेहऱ्यावरचं तेज. दुसरा फारसी, म्हणजे धारदार, तडफदार, चपळ. तेज घोडा, तेज सुरी. लिहिताना दोन्हींत ‘ज’ एकच, पण उच्चार वेगळे. पहिला ‘जीवन’मधला ज, दुसरा ‘जहाज’मधला. ‘तेज गोलंदाज’ वाचणारा पहिला उच्चार करील आणि त्याला वाटेल, बुवा, काय कांती आहे या माणसाची!

‘द्रुत’ला उगाच नावं ठेवू नका. गाण्यात विलंबित, मध्य, द्रुत म्हणतो तेव्हा द्रुत हा तुलनेचा शब्द असतो. ‘मध्यमगती’च्या शेजारी ‘द्रुतगती’ त्याच नात्याने बसला. ‘वेगवान’ला असं भावंड नाही. मध्यमवेगवान कोणी म्हणत नाही.

माजी_पंच :
या जोडीमुळेच क्रमवारीत घोळ होतो. सिडनी बार्न्सचं काय करणार? पहिल्या महायुद्धाआधीचा इंग्लंडचा गोलंदाज, २७ कसोटींत १८९ बळी, सरासरी (म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) १६.४३. आकड्यांवर गेलं तर जवळपास फिरकणारे फार थोडे. पण तो तुफान वेगाचा नव्हता. मध्यम-जलद वेग, त्यात बोटांनी चेंडू दोन्हीकडे वळवायचा. शीर्षकात ‘द्रुतगती’ लिहिलंत की बार्न्स यादीबाहेर. नुसतं ‘गोलंदाज’ लिहिलंत तर पहिला. एका विशेषणाने माणूस शिखरावरून थेट दाराबाहेर.

किल्ल्याजवळचा :
मूळ शब्दच बघा ना. गोलंदाज हा फारसीतून आलेला. ‘अंदाज’ म्हणजे टाकणारा, तीर टाकतो तो तीरंदाज, गोळा टाकतो तो गोलंदाज. हा तोफखान्यातला माणूस, क्रिकेटच्या कितीतरी आधीचा. आमच्या भुईकोटाच्या बुरुजांवर उभे असायचे ते गोलंदाज. त्या हिशेबाने पाहिलं तर फिरकीवाल्याला गोलंदाज म्हणणं ही आपली उदारता. ‘मारा’ हा शब्दही तिथलाच. तोफांचा मारा, तसा वेस्ट इंडिजच्या चौकडीचा मारा.

पण तोफेचा गोळा नुसता जोरात जाऊन उपयोग नाही, बुरूज पडला पाहिजे. म्हणून मला ‘भेदक’ हा शब्द सगळ्यात मोलाचा वाटतो. शोएबने २००३च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला. वेगाचा विक्रम तो. त्या चेंडूवर बळी मात्र मिळाला नाही. वेगवान आणि भेदक यांतला फरक याहून सोपा करून सांगता येणार नाही.

सात_रस्ता :
म्हणजे ‘भेदक’ घेतलं तर पहिला कोण?

किल्ल्याजवळचा :
मार्शल. ८१ कसोटी, ३७६ बळी, सरासरी २०.९४. उंची सहा फुटांच्या आत, म्हणजे वेस्ट इंडिजच्याच उंच गार्नर-अँब्रोज यांच्यापुढे बुटकाच. १९८४ला इंग्लंडमध्ये हेडिंग्लेच्या मैदानावर डाव्या हाताचा अंगठा मोडला. तरी प्लास्टर घालून एका हाताने फलंदाजीला आला आणि मग दुसऱ्या डावात ५३ धावांत ७ बळी घेतले. अँब्रोज २०.९९वर, इतका चिकटून की केसाचा फरक. ऑस्ट्रेलियाचा मॅकग्रा २१.६४, पण त्याचे बळी ५६३. त्याला मी भेदक म्हणणार नाही, ‘अचूक’ म्हणेन. सावकार जसा हप्त्याला येतो तसा तो रोज त्याच टप्प्यावर यायचा.

जाता जाता, ‘सरासरी’सुद्धा फारसीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ढोबळमानाने, असा मूळ अर्थ. आपण त्याच शब्दाने दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांवर डोकी फोडतो.

माजी_पंच :
‘द्रुत’ बळींना लावून बघा, चेंडूला नको. दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेन दर ४२.३ चेंडूंना एक बळी घ्यायचा, मार्शल ४६.७. चारशेच्या वर बळी घेऊन हा झपाटा! माझ्या मते खरा द्रुतगती तोच.

आणि आपल्या बुमराहला विसरू नका. २०२४च्या डिसेंबरात मेलबर्नला त्याने २०० बळी पूर्ण केले तेव्हा सरासरी २०च्या आत होती. इतक्या बळींनंतर ती तिथे ठेवणारा तो पहिलाच. अजून खेळतोय, म्हणून त्याला क्रमांक देत नाही. चालू वर्तमानकाळाला क्रमांक देऊ नये.

माग_धोटा :
तुमी सगळे काय बोलूलालाव बे? पाकिस्तानच्या वसीम अक्रमचं नाव कोणच घेईना! धोटा बघितलाय का कधी मागावर? इकडनं गेला की तिकडनं आला. तसा त्याचा बॉल, कुठनं आत येणार, कुठनं बाहेर जाणार, कळतच नव्हतं. ब्याण्णवच्या वर्ल्ड कप फायनलला इंग्लंडचे लॅम्ब आणि लुईस लागोपाठ दोन बॉलांत उडवले की. कसोटीत ४१४, वन डेत ५०२. ह्याला मराठीत काय म्हणायचं ते तुमीच ठरवा, आमी ‘जादूगार’ म्हणतो.

मुद्रितशोधक :
धोटा! अख्ख्या चर्चेतली सगळ्यात चांगली उपमा. अक्रमचा जोडीदार वकार युनूसला मात्र ‘पायचीत’ हा शब्द अर्पण करावा. ‘चीत’ कुस्तीतला, पाठ जमिनीला लागली की मल्ल चीत. वकारचा यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, अंगठ्यावर आला की फलंदाज अक्षरशः पायाने चीत व्हायचा. त्याच्या कसोटी बळींत त्रिफळाचीत आणि पायचीत मिळून निम्म्याहून जास्त.

जुनी_मिल_चाळ :
माझा शब्द ‘जरब’. अरबीत त्याचा अर्थ घाव. आपल्याकडे येईपर्यंत घावाचा धाक झाला. फास्ट बॉलरचं मोठेपण तिथे असतं, चेंडू टाकायच्या आधी.

आपल्या गावात लहानाचे मोठे झालेले भारताचे फलंदाज पॉली उम्रीगर आठवा. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांच्या फास्ट बॉलर फ्रेड ट्रूमनपुढे त्यांची अवस्था अशी झाली की कसोटींतल्या ७ डावांत मिळून ४३ धावा. पाय लेगकडे सरकायचे, हे तेव्हा जगभर लिहिलं गेलं. ट्रूमनच्या मोठेपणाला ३०० बळींचा पहिला मानकरी वगैरे सांगायची गरज नाही, उम्रीगरांचे ते ४३ पुरेत. पण गोष्ट तिथे संपवली तर आपल्या माणसावर अन्याय. दहा वर्षांनी पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजच्या वेस हॉलसमोर याच उम्रीगरांनी ५६ आणि नाबाद १७२ केल्या, वर एका डावात ५ बळी. जरब उतरवता येते, तीही छत्तिसाव्या वर्षी.

तेव्हा माझी यादी जरबेची : मार्शल, ऑस्ट्रेलियाचा लिली, ट्रूमन. इंग्लंडच्या अँडरसनचे ७०४ बळी मान्य, पण त्याला ‘टिकाऊ’ म्हणा. एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत धुतला तरी रंग गेला नाही, आमच्या चादरीसारखा. हॅडली कुठे बसवायचा ते मात्र मला सुचत नाही. २२.२९च्या सरासरीने ४३१ बळी, तेही न्यूझीलंडसारख्या संघात दुसऱ्या टोकाला फारसं कोणी नसताना. त्याला ‘एकहाती’ म्हणू?

मुद्रितशोधक :
एकहाती छान. आणि ‘सर्वश्रेष्ठ’ खोडा. श्रेष्ठ म्हणजेच सगळ्यांत वरचा, संस्कृतात ते तमभावाचं रूप आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ तसंच. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणजे चहात साखर घालून वर गूळ. व्यवहारात रुळलाय हे खरं, पण भित्तिपत्रिकेत जागा कमी असते.

सात_रस्ता :
कळवतो. मुलाने सगळं वाचलं आणि शीर्षक दिलं, ‘लई भारी फास्ट बॉलर’. पहिला मार्शल, दुसरा अक्रम, तिसरा स्टेन, बार्न्स चौकटीत वेगळा. बाईंनी ‘लई’ खोडलं, ‘भारी’ ठेवलं. आणि विचारलं, बॉलरचं अनेकवचन ‘बॉलर’ की ‘बॉलर्स’?

माजी_पंच :
‘बॉलर’च. एक बॉलर, दहा बॉलर.

माग_धोटा :
आमच्यात ‘बॉलरं’ म्हणत्यात.