शब्दचर्चा : ‘पर्सिव्हरेशन’ला ‘हट्ट’ म्हणावे का?

प्रश्न : माकडांच्या ललाटखंडाला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला, इजा झाली की वागण्यातली लवचिकता कशी कमी होते, यावरचा लेख मराठीत आणते आहे. ‘पर्सिव्हरेशन’पाशी अडले. ज्या वस्तूखाली खाऊ असायचा तिथे तो मिळेनासा होतो, तरी माकडाचा हात तिकडेच जातो. ‘चिकाटी’ हा गुण झाला. सध्या ‘हट्ट’ लिहिले आहे, पण मन घेत नाही.

उत्तर : ‘हेका’ चालेल? त्यात पुन्हापुन्हा तेच करणे येते.

उत्तर : हेका काय, हट्ट काय, दोन्हींत मर्जी आली. हट्ट करणाऱ्याला दुसरी वाट दिसत असते, तो ती नाकारतो. या माकडांना वळताच येत नाही. त्यांच्यावर स्वभावदोष लादणारा शब्द मला अन्यायाचा वाटतो.

शिवाय अडकणे एकाच तऱ्हेचे नाही. १९९६ मध्ये डायस, रॉबिन्स आणि रॉबर्ट्स यांनी मार्मोसेट माकडांना आकृती आणि रेषा अशी जोडचित्रे दाखवली. ललाटखंडाचा बाजूचा भाग दुखावलेल्यांना आकृती सोडून रेषेकडे लक्ष वळवणे जड गेले. डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग दुखावलेल्यांना ते जमले, पण कालची फायद्याची आकृती आज बिनफायद्याची झाली की ती सुटेना. एकीकडे लक्ष अडकते, दुसरीकडे निवड. लेखात हे दोन्ही वेगळे दिसायला हवे.

मी ‘अडकलेपण’ सुचवेन, आणि वाक्यात शक्यतो क्रियापद: ‘माकड जुन्याच निवडीत अडकून राहते’.

प्रश्नकर्ती : पटले. मग ‘खोबणीवरचा भाग गेला की निवड अडकते’ असे सरळ लिहू?

उत्तर : नको. २०१३ मध्ये मॅकाक माकडांत त्या भागातल्या फक्त पेशी नष्ट केल्या, तिथून जाणारे तंतू शाबूत ठेवले, तर निवड बदलणे त्यांना नीट जमले. मॅकाकवरच्या जुन्या प्रयोगांत तो भाग शोषून काढत, त्यात तंतूही तुटत. म्हणून मॅकाकबद्दल ‘त्या भागाला व तिथल्या तंतूंना इजा झाल्यास’ असे लिहा.

प्रश्नकर्ती : आणि ‘रिव्हर्सल’? ‘फेरपालट’ लिहिले होते.

उत्तर : ‘फेरपालट’ म्हटले की पिके आठवतात, ‘उलटापालट’मध्ये गोंधळ आहे. इथे खाऊ एका वस्तूखालून दुसरीखाली गेला, एवढेच. ‘अदलाबदल’ पुरे.